चावा, दंश आणि मागे राहिलेले डाग: या चुका टाळा

महापालिकेच्या रुग्णालयात मी २६ वर्षं सिस्टर आहे. त्यातली बरीचशी ड्रेसिंग रूममध्ये आणि कुत्रा चावल्यावर इंजेक्शनं देतात त्या ओपीडीत गेली. इतक्या वर्षांत मुंबई बदलली, चाळींचे टॉवर झाले, पण माझ्या टेबलापाशी येणाऱ्या चुका त्याच आहेत. जिथे धावत यायला हवं तिथे लोक "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणतात. आणि जिथे महिनोन्महिने धीर धरायला हवा, त्या डागासाठी मात्र आठ दिवसांत गुण देणारी ट्यूब मागतात.

जखम धुण्याआधी तिच्यात काहीतरी भरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहिते.

काळाचौकीकडच्या एका चाळीतला ९ वर्षांचा मुलगा. गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू कुत्रीच्या पिल्लांपाशी गेला, हा आणायला वाकला आणि कुत्रीने पोटरी धरली. आजीने तेलात कालवलेलं लाल तिखट जखमेत दाबून भरलं आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली. माझ्याकडे आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. पट्टी कातडीला चिकटली होती. ती भिजवून सोडवली तेव्हा खाली नारिंगी लगदा, त्यात दातांची चार भोकं आणि भोवतीची कातडी भाजल्यासारखी सोललेली. वाहत्या पाण्याखाली ते सगळं काढायला मला पाऊण तास लागला. पोर शर्टाची कॉलर दातांत धरून बसलं होतं. वडील म्हणाले, "सिस्टर, रात्री रक्त थांबलं, म्हणून म्हटलं सकाळी बघू." आजी दाराबाहेर उभ्या होत्या, आत यायचं धाडस होत नव्हतं त्यांना. "आमच्या गावाला असंच करायचे हो," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना आत बोलावलं, कसं धुवायचं ते त्यांच्या हातांनीच करून घेतलं, कारण पुढच्या वेळी घरात त्याच असणार होत्या.

मुलगा सगळ्या तारखांना आला, बरा झाला. दातांच्या खुणा आता शोधाव्या लागतात. पोटरीवर जो मोठा डाग आहे तो तिखटाचा आहे.

तिखट, हळद, चुना, कॉफी पावडर, पेट्रोल, तंबाखू, सगळं काढलंय मी जखमांमधून. यातल्या कशानेही रेबीजचा विषाणू मरत नाही. उलट जखम चुरचुरते, चिघळते आणि धुणं राहून जातं. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं. म्हणून साबण आणि पाणी हेच पहिलं औषध. अंगाचा साबण चालतो, कपड्यांचा चालतो, भांड्यांचा चालतो. मात्र १५ मिनिटं धुवायचं, आणि ती घड्याळ लावून. माणसाला दोन मिनिटंसुद्धा दहा वाटतात, विशेषतः मूल रडत असताना. मी मोबाइलवर वेळ लावायला सांगते. नळाला पाणी यायची वेळ नसेल तर पिंपातलं घ्या, तांब्याने धार धरा, पण धार चालू ठेवा. मग पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक असेल तर लावा. पट्टी बांधू नका. आणि तसेच निघा.

"आधी कुत्र्यावर लक्ष ठेवतो"

दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, हे लोकांनी ऐकलेलं असतं आणि त्यातलं अर्धंच लक्षात राहिलेलं असतं. लक्ष जरूर ठेवा, पण पहिलं इंजेक्शन घेऊन. कुत्रा दहा दिवसांनी ठणठणीत असेल तर पुढचे डोस बदलायचे का, ते डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. ही लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांत येतात, कधी त्याहून खूप उशिरा. म्हणून "आठवडा झाला, काही झालं नाही" या वाक्याला काहीच अर्थ नाही. उशीर झाला असला तरी या. मी ओरडेन, पण इंजेक्शन देईन.

"कान कापलेला होता, म्हणजे लस दिलेला आहे," असंही सांगतात. कानावरची ती खाच नसबंदी झाल्याची खूण आहे. त्या वेळी लस दिली असेलही, पण लस दर वर्षी द्यावी लागते आणि खाच जन्मभर राहते.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील या धास्तीने आजही माणसं दडून बसतात. ती जुनी लस आपल्याकडे बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली. आता दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. "कमरेवर द्या ना" असा आग्रह धरू नका, ही लस तिथे नीट काम करत नाही. महापालिकेच्या रुग्णालयांत ती फुकट मिळते. कातडीत देण्याच्या पद्धतीत दिवस असतात ०, ३, ७ आणि २८. स्नायूत दिली तर १४ वा दिवस वाढतो. यात सगळ्यांचा गोंधळ होतो तो शून्यावर. शून्य म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस. सोमवारी पहिलं घेतलं तर दुसरं गुरुवारी, तिसरं पुढच्या सोमवारी आणि शेवटचं त्यानंतर तीन आठवड्यांनी सोमवारीच. मी केसपेपरवर वारासकट लिहून देते, कारण तारखा हरवतात, वार लक्षात राहतो.

रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेतही इंजेक्शन द्यावं लागतं, इम्युनोग्लोब्युलिनचं. आईबाप हात जोडतात, "सिस्टर, जखमेत सुई नको, दंडात द्या." मला कळतं त्यांचं. पण लशीने शरीरात संरक्षण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि तोवर विषाणूला जखमेतच अडवणारं औषध हे एकच. चेहऱ्यावर किंवा बोटांवर चावा असेल तर ते टाळण्याचा विचारही करू नका. डाग राहू नये म्हणून लगेच टाके घालून घ्यायचा हट्टही नको. टाके घालावेच लागले तर ते या इंजेक्शननंतर, सैल आणि थांबून घालतात.

मांजराचा चावा दिसतो टाचणीएवढा, पण दात खोल जातो आणि दुसऱ्या दिवशी बोट सुजून ठणकायला लागतं. मांजर किंवा माकड चावलं तरी रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात. कान्हेरीला गेलेल्या मंडळींनी माकडाचा ओरखडा "नखच लागलं" म्हणून सोडू नये. उंदीर चावला तर धुवा, धनुर्वाताचं घ्या आणि पुढचं डॉक्टरांना विचारा.

किडे, माश्या, विंचू

मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याबरोबर विषाची पिशवी. चिमटा शोधत बसू नका. नखाने, कार्डाच्या कडेने, जमेल तसा पण ताबडतोब काढा. मग साबणाने धुवा, बर्फ कपड्यात गुंडाळून लावा. अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, उलट्या झाल्या, चक्कर आली तर तासभर वाट बघायची गोष्ट नाही. थेट कॅज्युअल्टी, १०८ ला फोन.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती एक बारीक, लांबुडका, काळा-नारिंगी किडा येतो. हा चावत नाहीच. तो मानेवर बसतो, आपण चापट मारतो, तो चिरडतो आणि त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडी भाजते. चट्टा उठतो दुसऱ्या दिवशी, त्यामुळे किडा कुणाला आठवत नाही. लांबट पट्टा, त्यावर फोड आणि आग. घरची मंडळी "नागीण झाली" म्हणून गेरू लावतात. कोपराच्या घडीत झाला असेल तर समोरासमोर दोन चट्टे उठतात, त्यावरून मी ओळखते. किडा फुंकर मारून उडवा. चिरडलाच गेला तर लगेच साबणाने धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

गणपतीला कोकणात गेल्यावर लाल विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे साधं रक्तदाबाचं औषध या विषावर किती उपयोगी पडतं ते दाखवून दिलं. त्यानंतर मृत्यू खूप कमी झाले. पण ते औषध वेळेत पोटात जायला हवं. लहान मुलाला घाम सुटला, हातपाय गार पडले तर एक मिनिटही थांबू नका.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवून रुग्णालय गाठा. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, कधी खूणही दिसत नाही.

डागासाठी मेडिकलवाल्याची ट्यूब

आता माझी दुसरी आवडती तक्रार, कारण यात नुकसान आपल्या हाताने होतं.

कुर्ल्याची एक मुलगी, गालावर किडा चावल्याचा तपकिरी डाग, लग्न तीन आठवड्यांवर. मेडिकलवरून ट्यूब आणली, चौथ्या दिवशी डाग फिका पडला, घरात सगळे खूश. लग्न झालं. लावणं थांबवलं की गाल लाल व्हायचा, आग व्हायची, म्हणून ती पुन्हा लावायची. असे चार महिने गेले. आली तेव्हा डाग बाजूला राहिला होता. गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, त्यातून बारीक लाल शिरा दिसत होत्या, पुरळ आणि लवही वाढलेली. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर पहिलंच नाव क्लोबेटासॉल.

ट्यूब घेताना मागचं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावं आहेत. डॉक्टरांनी सांगितलं तर, सांगितले तेवढेच दिवस. शेजारणीला गुण आला म्हणून नाही. आणि महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंदही करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ते हळूहळू सोडवतात.

लिंबू चोळून उन्हात जाणं ही त्याच घाईची दुसरी तऱ्हा. लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते आणि नवा, जास्त काळा डाग पडतो.

आपल्या सावळ्या कातडीवर चावल्याची जागा बरी होताना काळी पडतेच. तो खरा व्रण नसतो, रंग असतो, आणि तो काही महिन्यांत फिका होतो. त्याला दोन गोष्टी अडवतात, खाजवणं आणि ऊन. डास चावल्यावर मुलांची नखं कापा, गार पाण्याची घडी ठेवा, वर कॅलामाइन लावा. खपली काढू नका. जखमेवर व्हॅसलीनचा पातळ थर ठेवला तर खपली जाड होत नाही आणि खूण कमी राहते. जखम भरल्यावर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा, उन्हात छत्री घ्या.

उंचवटा राहिला असेल तर जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉन जेल आणि बोटाने हलका मसाज, निदान तीन महिने. व्रण वर्षभर बदलत असतो, त्याआधी लेझरच्या मागे लागू नका. मात्र तो मूळ जखमेच्या कडेबाहेर पसरायला लागला, खाजला, दुखला, तर तो केलॉइड असू शकतो. छाती, खांदा, कानाची पाळी इथे तो जास्त दिसतो. त्यात थांबून उपयोग नाही, डॉक्टर त्यात इंजेक्शन देतात.

डाग कमी होतोय की नाही हे रोज आरशात बघून कळत नाही. मी महिन्यातून एकदा, १ तारखेला, त्याच खिडकीपाशी त्याच वेळी फोटो काढायला सांगते. कुर्ल्याच्या त्या मुलीने आठ महिन्यांनी मला तिचे आठ फोटो दाखवले. पहिल्यात गाल सुजून चमकतोय. पाचव्यात लाली उतरलेली. आठव्यात किड्याचा डाग कुठे होता ते तिला बोट ठेवून दाखवावं लागलं. दोन बारीक लाल शिरा मात्र गालावर अजून आहेत.