स्काऊट पथक प्रथमच हाती घेणाऱ्या शिक्षकांसाठी

नागपुरात स्काऊट पथकाची जबाबदारी नव्याने घेणारे शिक्षक गाठी, तंबू आणि चूल शिकवण्याची तयारी करून येतात. निसर्गाविषयीचा आदर मात्र शेवटच्या भाषणासाठी राखून ठेवतात. ते भाषण कोणी ऐकत नाही, कारण तोवर मुलांचे लक्ष डब्यांकडे गेलेले असते.

खरा सापळा गाठींची स्पर्धा सुरू करणाऱ्या शिट्टीत आहे आणि तो मला अजूनही सलतो. सर्वांत आधी गाठ बांधणाऱ्या टोळीला गुण द्यायचे ठरले, की मुले हाताशी येईल ते कोवळे झाड धरतात, दोर करकचून ओढतात आणि स्पर्धा संपेपर्यंत साल खरवडून निघते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. खोडाभोवतीची साल पूर्ण गोलाकार निघाली तर मुळे उपाशी राहतात आणि झाड हळूहळू वाळते, पण तोवर शिबिर केव्हाच संपलेले असल्यामुळे कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे तोंडाने आपण झाडे जपा म्हणतो आणि गुण मात्र झाड सोलण्याला देतो; मुले गुणांचेच ऐकतात. म्हणून वेळेचे गुण काढून टाका. खोड जाड निवडले का, दोराखाली बारदान गुंडाळले का, दोर सोडल्यावर सालीवर व्रण राहिला का, हे पाहिल्याशिवाय गाठ पूर्ण झाली असे मानू नका. फांद्या तोडण्याऐवजी बांबू विकत आणा. काही जुने मास्तर "आम्ही फांद्या तोडूनच शिकलो" असे सांगतील. त्यांच्याकडून गाठी जरूर शिकाव्यात, कोयता घेऊ नये.

चुलीबाबत सवलत नकोच. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो आणि आपल्याकडच्या सागाच्या जंगलात त्या दिवसांत वाळक्या पानांचा थर पसरलेला असतो. चुलीचा सराव शाळेच्या मैदानावर, घमेल्यात करावा आणि राख पाण्याने भिजवून थंड झाल्याची खात्री मुलांकडूनच करून घ्यावी. पेंच व्याघ्र प्रकल्पात सहल नेणार असाल, तर तिथे पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, हे निघण्यापूर्वीच सांगावे.

उन्हाळी शिबिरात मैदानावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर खड्यांत तिची अंडी असण्याची शक्यता धरून तंबूची जागा बदला. कारण लगेच सांगू नका. मुले तिच्याकडे पाहून स्वतःच ओळखतात, आणि पुढच्या वेळी खुंटी ठोकण्याआधी जमीन न्याहाळतात.

सुरुवातीला बारदान विसरले जाईल, त्याने खचू नका. न रागावता गाठ सोडायला लावा आणि पुन्हा बांधून घ्या.