नेट रडतखडत चालतंय? राउटर लावताना या चुका टाळा

मागे एकदा मी तीन हजारांचा नवा राउटर आणला. पेटीवर ठळक अक्षरांत १२००, वर चार अँटेना, एकूण रुबाब मोठा. घरी कनेक्शन ३०० एमबीपीएसचं, पण स्पीड टेस्ट काही केल्या ९४ च्या वर जात नव्हती. नवा राउटर लावला, तरी ९४. कंपनीला फोन करून तावातावाने बोललो. दुसऱ्या दिवशी जो मुलगा आला त्याने राउटरकडे पाहिलंही नाही. भिंतीतून येणारी वायर हातात घेतली, तिची पिन उजेडात धरली आणि म्हणाला, "काका, यात चारच तारा आहेत."

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, पण १००० साठी चारही लागतात. आमच्या इमारतीत कधीतरी कुणीतरी काटकसर करून एकाच वायरीतून दोन घरांना नेट दिलं होतं, चार तारा आम्हाला आणि चार शेजाऱ्यांना. मग राउटर आणि कंपनीचा डबा (फायबर जिथे येऊन संपतो ते यंत्र) आपसांत १०० वरच ठरवून मोकळे होतात. त्यातून पाकिटांवरचा वरखर्च वजा जाता हातात ९४-९५ उरतात. हा आकडा ओळखीचा करून घ्या. टेस्ट पुन्हापुन्हा ९४ वर अडत असेल तर वायफायची चिंता सोडा, दोष तारेत किंवा पोर्टात आहे. वाकलेली पिन, दाराच्या फटीत चेंगरलेली वायर, क्रिम्पिंग करताना, म्हणजे टोकाला पिन बसवताना, तुटलेली एखादी तार, कशानेही हे होतं.

गोष्ट इथे संपली नाही. वायर बदलली, तरी ९४च! पेटी उलटून पाहिली तर मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं, पोर्ट १०/१००. म्हणजे १२०० हा आकडा वायफायच्या दोन्ही बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे) कागदोपत्री वेगांची बेरीज, आणि ज्या भोकातून नेट आत येणार ते भोक १०० चं. माळ्यावर टाकलेला जुना राउटर मात्र गिगाबिट, म्हणजे १००० च्या पोर्टचा होता. तो खाली काढला, पुसला, लावला, आणि २८० च्या पुढे आकडा दिसला. तेव्हापासून सोसायटीत "अरे, नेट गेलंय, बघ ना जरा" असा फोन आला की मी आधी वायर बघतो.

न मोजता उपाय करणं

बहुतेक जण आतल्या खोलीत, फोनवर, वायफायने टेस्ट लावतात आणि आलेला आकडा कंपनीच्या नावावर टाकतात. त्या आकड्यात तीन वेगवेगळे प्रवास मिसळलेले असतात: रस्त्यावरून डब्यापर्यंतचा, डब्यातून राउटरपर्यंतचा आणि राउटरपासून तुमच्या हातापर्यंतचा. ते सुटे करायचे तर लॅपटॉप वायरने आधी थेट राउटरला जोडा. विंडोजमध्ये सेटिंग्जच्या इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड दिसतो, तो १०००/१००० आहे की १००/१०० ते बघा. मग टेस्ट लावा. वायरीवर पूर्ण वेग येत असेल तर कंपनी निर्दोष आहे आणि भांडण घरातल्या हवेशी आहे. यानंतर राउटरच्याच खोलीत वायफायवर आणि शेवटी अडचणीच्या खोलीत. तीन आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

आणि हो, एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट, आठपट मोठे. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर १२ एमबी प्रति सेकंदाने फाइल उतरत असेल तर पूर्ण वेग मिळतोय. यावरून आमच्याकडे दोन तक्रारी मिटल्या आहेत.

राउटर जिथे वायर आली तिथेच टांगणं

फायबर ओढायला आलेल्या माणसाला दिवसात बरीच घरं करायची असतात. तो दारावरून आत येतो आणि पहिल्या प्लगजवळ डबा ठोकून जातो. म्हणून आपल्याकडचे निम्मे राउटर चपलांच्या कपाटावर, मीटरच्या पेटीशेजारी नाहीतर टीव्हीच्या मागे सापडतात. आणि माणसं बसतात कुठे, तर दोन भिंती पलीकडे बेडरूममध्ये.

५ गिगाहर्ट्झची लहर साधारण सहा सेंटीमीटरची, २.४ ची साडेबारा सेंटीमीटरची. आरसीसीची भिंत दोघींनाही अडवते, पण लहान लहर जास्त लवकर दमते. धातू तर तिला परतवूनच लावतो, म्हणून लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा मध्ये आला की पलीकडे सावली पडते. पाणी लहर शोषून घेतं, तेव्हा फिशटँकमागे राउटर नको. कोकणात किंवा गोव्यात जांभ्याच्या जाड भिंतींचं जुनं घर असेल तर एका राउटरवर माजघर आणि पडवी दोन्ही भागवायचा हट्टच सोडा, पडवीपर्यंत लॅन केबल ओढून दुसरं यंत्र लावा.

जागा बदलायची तर फायबर ओढण्याची गरज नाही. डबा दाराशी राहू दे, तिथून दहा-पंधरा मीटरची कॅट ५ई प्रकारची लॅन केबल घराच्या मध्यावर न्या आणि राउटर तिथे, डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. शोकेसमध्ये नको आणि वर विणलेला रुमाल तर अजिबात नको, कारण यंत्र तापलं की त्याचं काम बिघडतं. अँटेना बेडरूमकडे बोट दाखवल्यासारखी वळवणारे पुष्कळ दिसतात. दांडीच्या टोकातून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही, लहर दांडीच्या बाजूंनी मेदुवड्यासारखी पसरते. एकाच मजल्याचं घर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. वरचा मजलाही असेल तर एखादी आडवी करा.

२.४ वर अडकून राहणं

इमारतीत वायफायची यादी उघडली की तीस नावं दिसतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. बाकी चॅनेल मधल्या जागेत घुसलेले. लोकलच्या डब्यात चौथी सीट असते तसे. कुणी ३ निवडला तर तो १ लाही त्रास देतो आणि ६ लाही. चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ करणं ही तर शुद्ध दांडगाई आहे, कारण तेवढ्यात निम्म्याहून जास्त पट्टा एकट्याने अडतो आणि उलट शेजाऱ्यांचा गोंगाटही जास्त कानावर येतो. २० ठेवा.

खरा उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, ८० च्या रुंदीवर. दोन अँटेनांच्या साध्या फोनचा २.४ वरचा लिंक स्पीड जास्तीत जास्त १४४, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी नशीब. तोच फोन ५ वर ८६६ ला जोडला जातो. दोन्ही बँडचं नाव एकच ठेवलं असेल तर कधीकधी फोन राउटरशेजारी बसूनही २.४ ला चिकटून राहतो. असं होत असेल तर नावं वेगळी करा, एकाला पुढे ५ जोडा. स्मार्ट बल्ब आणि गेटवरचा कॅमेरा यांना बहुधा २.४ च कळतो, त्यांना तिथे राहू द्या. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ वरचा व्हिडिओ कॉल अडखळला तर दचकू नका, तोही साधारण त्याच लहरींवर अन्न तापवतो.

एक सेटिंग फारसं कुणी तपासत नाही. जुन्या राउटरवर वायफायची सुरक्षा टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी या जुनाट पद्धतींवर राहिली असेल, तर नव्या मानकांचे वेग चालूच होत नाहीत. यंत्र ५४ वर येऊन थांबतं, पुढे सरकत नाही. एका मित्राकडे सहा महिने हे चालू होतं आणि मधल्या काळात त्याने दोनदा प्लॅन वाढवला होता. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा.

मेलेल्या खोलीत एक्सटेंडर

जिथे नेट येत नाही तिथेच लोक एक्सटेंडर, म्हणजे वायफाय पकडून पुढे फेकणारं यंत्र, लावतात. त्यालाही तिथे सिग्नल मिळत नाही, तो फक्त तुमच्या फोनला पाच दांड्या दाखवतो आणि मागून थेंब-थेंब पुरवतो. तो अर्ध्या वाटेवर हवा. तरीही एकाच बँडवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही करत असेल तर वेग निम्मा होतो. पैसे खर्च करायचेच आहेत तर केबल ओढा.

केबलच्या टोकाला दुसरा राउटर लावताना त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवेल. नाहीतर दोन्ही राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात, दोघंही घरातल्या यंत्रांना आयपी पत्ते वाटत सुटतात, आणि घरात दोन सासवा झाल्यासारखं होतं. प्रिंटर एकाला दिसतो, लॅपटॉप दुसऱ्याला. कंपनीच्या डब्यालाही स्वतःचं वायफाय असतं. शेजारी तुमचा राउटर चालू असेल तर डब्याचं वायफाय बंद करा.

फायबरला सुतळी समजणं

डब्यावर एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लागला तर राउटरशी खेळून काही होणार नाही, प्रकाशच पोहोचत नाहीये. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीच्या फटीतून आणलेली तार पावसाळ्यात खिडकी घट्ट लावली की चेंगरते, हा मुंबई-ठाण्याकडचा हमखास प्रकार. उरलेली तार गुंडाळायची तर बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका. लाल दिवा नसूनही नेट तुटत असेल तर डब्याच्या सेटिंग्जच्या पानावर प्रकाशाची पातळी (डीबीएममध्ये) दिसते का बघा. उणे २० च्या आसपास असेल तर ठीक, उणे २७ म्हणजे काठावर. हिरवी पिन काढून तिच्या टोकात डोळा घालू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो.

आणि सुईने दाबायचं ते बारीक भोक! बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेट केलं की पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचं, युजरनेम आणि पासवर्ड पुसले जातात, मग रविवारी संध्याकाळी केबलवाल्याची मनधरणी करत बसावं लागतं. आधी सेटिंग्जच्या पानाचा फोटो काढून ठेवा.

लोडशेडिंगसाठी छोटा यूपीएस घेणारे राउटर त्यावर लावतात आणि फायबरचा डबा विसरतात. वायफायच्या दांड्या पूर्ण, नेट शून्य. दोन्ही यंत्रांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच यूपीएस घ्या, १२ व्होल्टची पिन ९ व्होल्टच्या यंत्रातही आरामात बसते.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकल्याने डाउनलोडचा वेग वाढत नाही. फार तर पान उघडायला किंचित लवकर सुरुवात होते.

मग कंपनीची चूक कधी?

वायरीवर घेतलेला आकडा सकाळी सहाला पूर्ण आणि रात्री दहाला तिसऱ्या हिश्श्यावर येत असेल, तेव्हा. जीपॉनच्या (एक फायबर अनेक घरांत वाटण्याचं तंत्र) एका पोर्टवर सुमारे अडीच गिगाबिट असतात आणि ते बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. पुढची मुख्य लाइन अपुरी असली तर रात्री सगळे एकदम बसले की पंगत लांबते. तक्रारीआधी दोन गोष्टी तपासा: महिन्याचा कोटा संपून वेग उतरला नाही ना, आणि घरातल्या कुणाचा फोन चार वर्षांचे फोटो चढवत नाही ना. अपलोड भरलं की डाउनलोडही गुदमरतं.

दोन्ही नसेल तर तीन दिवसांचे वायरीवरचे आकडे वेळेसकट लिहून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. "नेट स्लो आहे" एवढंच सांगितलं की पलीकडून "राउटर बंद करून चालू करा" हेच येतं. "लॅनवर, लिंक १०००, रात्री १० वाजता ८५, सकाळी ६ वाजता २८५" असं सांगितलं की फोन पुढच्या माणसाकडे जातो. तिथेही निकाल लागला नाही तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. अपिलासाठी तोच क्रमांक लागतो.