काळं करडू आलं कुठून? रंगाचा हिशोब असा लावा

आमच्या कुडाळ तालुक्यातल्या वाडीत चार वर्षांपूर्वी माझी पांढरी शेळी व्याली. जुळी झाली. एक आईसारखं, दुसरं कोळशासारखं. बोकड शेजारच्या भाऊंचा, तोही पांढराफेक. सासूबाईंनी ओटीवरूनच विचारलं, "ह्या काळा करडू खंयसून इला गो?" सगळ्यांचा संशय चरायला नेणाऱ्या पोरावर. आठवडाभर बिचाऱ्याला बोलणी बसली. शेळी माजावर होती तेव्हा मी तिला दाव्याला बांधून ठेवली होती, पण माझं ऐकतंय कोण!

पोराची काही चूक नव्हती. शेळीच्या केसांत रंगद्रव्यं दोनच: एक काळं-तपकिरी, दुसरं तांबूस, जे फिकट होत होत पांढरं दिसतं. कुठे कोणतं भरायचं हे बरंचसं अगौटी नावाचं जनुक ठरवतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. फिकट रंग सांगणारी प्रत वरचढ, 'सगळं काळं' सांगणारी सर्वांत दुबळी. पांढऱ्या आईबापांच्या पोटात ही दुबळी प्रत एकेक लपलेली असली, तर दर करडामागे काळं निघण्याची शक्यता चारात एक.

पण हिशोबाआधी जनावर नीट बघा. पांढरं दोन तऱ्हांचं असतं. केस फुंकून बाजूला करा, नाकपुडी आणि शेपटीखालची कातडी पाहा. डाग वेडेवाकडे, डाव्या-उजव्या बाजूला न जुळणारे, खाली कातडी गुलाबी असेल तर ते बांडेपण. ते वेगळ्या जनुकांचं काम, आणि त्या पांढऱ्याखाली कुठलाही रंग दडलेला असू शकतो. दोन्ही बाजू आरशासारख्या जुळल्या तर बहुधा अगौटी. आपल्या कोकण कन्याळ जातीच्या शेळीचं तोंड बघा: काळ्यावर दोन्हीकडे नाकापासून कानाकडे गेलेला पांढरा पट्टा, कानांना पांढरी किनार. स्वित्झर्लंडच्या टोगेनबर्ग शेळीच्या तपकिरी तोंडावरही असेच पट्टे असतात, आणि तिथे ते अगौटीचेच.

काळी शेळी उन्हाने तांबूस पडते, म्हणून केसाचं मूळ बघा. मुळातही गंजल्यासारखी दिसत असेल तर जनुकांच्या मागे लागू नका, अंगात तांबं कमी आहे का ते डॉक्टरांना विचारा. मनाने तांबं पाजू नका, जास्त झालं तर विष होतं.

मग वही घाला. वेताची तारीख, आई, बाप, करडाचा जन्माच्या दिवशीचा फोटो, कारण वाढताना रंग बदलतो. माझी पहिली वही शेळ्यांनीच खाल्ली. आता नवी वाशाला टांगलेली असते.

बोकडात काळं दडलंय का हे ओळखायचं तर तो काळ्या शेळीला दाखवा. मात्र कुठलीही काळी चालत नाही. एक वरचढ काळाही असतो, दुसऱ्याच जनुकाचा, आणि तो सगळा हिशोब बिघडवतो. बांडी नसलेल्या पांढऱ्या जोडीला झालेली काळी पाठ, म्हणजे तरुण मादी, यासाठी उत्तम. बोकड छुपा असेल तर तिची निम्मी करडं काळी यावीत. सलग सहा पांढरी आली, तर छुपा असूनही निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता 64 मध्ये एक. एक जरी काळं आलं, तरी तपास संपला.

माझी ती कोळशासारखी पाठ मी विकली नाही. बापाला नको म्हणून वरच्या वाडीतल्या पांढऱ्या बोकडाला दाखवली. मालक छाती ठोकून सांगत होते, यात काळं नाहीच. पहिल्या वेताला दोन पांढरी, दुसऱ्याला दोन पांढरी. गेल्या श्रावणात तिसरं वेत, भर पावसात. मी कंदील घेऊन गोठ्यात गेले तर पहिलंच करडू काळं. चरायला नेणारं पोर दारात उभं होतं, म्हणालं, "वैनी, वहीत लिवा आधी."