कन्सोल ग्राफिक्समध्ये यायचंय? आधी धूर कुठून येतो ते बघा

ग्राफिक्स प्रोग्रॅमिंगमध्ये येऊ बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कोणतं इंजिन शिकू? कुठलंही शिका. शेडर (पिक्सेलचा रंग वगैरे ठरवणारा छोटा प्रोग्रॅम), फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. कन्सोलवर काम करायचं असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: पीसीवाला नवं कार्ड घेईल, कन्सोलवाल्याच्या घरातला प्लेस्टेशनसारखा डबा वर्षानुवर्षं तोच राहणार. सेकंदाला ३० फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद, ६० हव्यात तर १६.७. त्यात बसवायचं, नाहीतर काढून टाकायचं.

मग त्याच डब्यावर एवढं देखणं काही दिसतं कसं? बरंचसं काम आधीच उरकलेलं असतं म्हणून. १९९६ चा क्रॅश बँडिकूट हा गेम घ्या. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये मुख्य मेमरी २ मेगाबाइट, व्हिडिओ मेमरी १ मेगाबाइट, आणि झेड-बफर, म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती लांब आहे याची नोंद, नाहीच. म्हणजे पुढचा पॉलिगॉन (ज्या त्रिकोण-चौकोनांनी चित्र बनतं तो तुकडा) कुठला नि मागचा कुठला, हे सॉफ्टवेअरनं ठरवायचं. गेम बनवणाऱ्या नॉटी डॉगनं कॅमेरा ठरावीक वाटेवर बांधून टाकला. त्यामुळे कुठून काय दिसणार आणि कोणत्या क्रमानं काढायचं, हे सिलिकॉन ग्राफिक्सच्या तगड्या मशीनवर आधीच काढून सीडीत भरता आलं. नायक क्रॅशच्या अंगावर टेक्श्चरही (वर चिकटवलेलं चित्र) जवळपास नाही, नुसते रंग. तसे पॉलिगॉन त्या चिपवर भराभर निघतात. १९९९ च्या सायलेंट हिलमधलं धुकं भीतीसाठी आहेच, पण लांबचं जग काढायचा खर्चही तेच वाचवतं.

आता मी जिथं अडकलो ते. लांबण लागेल, पण हेच नीट वाचा.

एका रेसिंग गेममध्ये गाडी घसरली की फ्रेम ३३ वरून ५० मिलिसेकंदांवर जायची. मी झाडांचे पॉलिगॉन छाटत बसलो. निम्मे उडवले, आकडा ढिम्म. दुखणं चाकांमागच्या धुरात होतं. धूर म्हणजे एकावर एक रचलेले अर्धपारदर्शक चौकोन. भिंतीमागचं जीपीयू (ग्राफिक्स चिप) टाकून देऊ शकतो, धुरामागचं नाही. प्रत्येक थराला खालचा रंग वाचा, मिसळा, परत लिहा. १२८० बाय ७२० म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल. पडदाभर २० थर आले की एका फ्रेमला १ कोटी ८४ लाख. ३० फ्रेमला, म्हणजे सेकंदाला, ५५ कोटींच्या वर. चौकोनाचे रिकामे कोपरे दिसत नाहीत, पण शेडर तिथंही चालतो. दोन त्रिकोणांचा हा चौकोन हजार त्रिकोणांच्या झाडाला भारी पडतो, तो असा.

नवा डबा आला की हे सुटतं असंही नाही. प्लेस्टेशन २ च्या ग्राफिक्स चिपमध्ये ४ मेगाबाइट मेमरी आतच होती, बँडविड्थ, म्हणजे डेटा ने-आण करायचा वेग, सेकंदाला ४८ गिगाबाइट. प्लेस्टेशन ३ च्या व्हिडिओ मेमरीची त्याच्या निम्म्याहून कमी, आणि पिक्सेल कितीतरी जास्त! म्हणून तिथं अनेकांनी धूर पाव पिक्सेलांत काढून मग ताणला. धूर मुळात धूसर, कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा उपाय म्हणजे चौकोनाऐवजी धुराच्या आकाराला घट्ट बसणारा सहा-आठ कोनांचा आकार घेणं. पॉलिगॉन वाढतात आणि फ्रेम हलकी होते. हे मला बरेच दिवस पचलं नाही.

तर काहीही छाटण्याआधी रिझोल्यूशन निम्मं करून बघा. वेळ धाडकन उतरला तर दुखणं पिक्सेलचं. तसाच राहिला तर सीपीयू किंवा व्हर्टेक्सकडे (पॉलिगॉनच्या कोपऱ्यांच्या हिशोबाकडे) वळा. दोन मिनिटांचं काम आहे आणि कोर्सवाले ते शिकवत नाहीत. ‘डायनॅमिक रिझोल्यूशन चालू कर, सुटेल’ म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. ताण आला की आपोआप पिक्सेल कमी करायची ही सोय चांगली आहे, पण कारण न शोधता लावली की आजार तसाच आणि चित्र मात्र गढूळ. सीनियर निवडायची संधी मिळाली तर उत्तर देणाऱ्यापेक्षा ‘मोजलंस का?’ म्हणून पिडणारा निवडा. माझा तसा होता. तेव्हा राग यायचा.

गणिताची धास्ती घेऊ नका. व्हेक्टर, मॅट्रिक्स आणि चिकाटी एवढ्यावर पहिली काही वर्षं निघतात. डेव्हकिट, म्हणजे गेम बनवण्यासाठीचा खास कन्सोल, नोंदणीकृत डेव्हलपरलाच मिळतं, त्यासाठी अडून बसू नका. जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप घ्या, फ्रेम तपासायचं रेंडरडॉक फुकट आहे ते टाका, स्वतःच्याच गेमची एक फ्रेम पकडा आणि ओव्हरड्रॉचा (एकाच पिक्सेलवर किती वेळा रंग चढला ते दाखवणारा) ओव्हरले लावा. जिथं रंग सगळ्यात भडक दिसेल, तिथून सुरुवात करा.