साइट हटके पण हवी आणि वापरता पण यायला हवी, कसं जमवायचं

नाशिकमध्ये छोट्या धंद्यांच्या वेबसाइट करत असाल तर क्लायंटचं पहिलं वाक्य तुम्हाला पाठ असेल, "काहीतरी हटके पाहिजे". आणि जे तो बोलत नाही पण ज्यासाठी पैसे देतो ते म्हणजे फोन वाजला पाहिजे, बुकिंग आलं पाहिजे. ही दोन्ही कामं एकाच पानावर कशी बसवायची ते सांगतो, उदाहरण म्हणून गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागेतला एक फार्मस्टे धरू.

डिझाइन उघडायच्या आधी कागदावर लिहा की माणूस साइटवर येऊन नेमकं काय करणार. भाडं बघणार, खोली रिकामी आहे का बघणार, रस्ता विचारणार, फोन लावणार. बस. या चार गोष्टी मुद्दाम बोअरिंग ठेवायच्या. मेनू नेहमीच्या जागी, बटण बटणासारखं दिसणारं, "इथून स्वप्नांकडे" वगैरे न लिहिता सरळ "खोली बुक करा". सगळी कलाकारी उरलेल्या जागेत, आणि ती जागा कमी नसते हो: पहिली स्क्रीन, फोटो, बागेची गोष्ट, जेवण, सगळं तुमचंच आहे.

आता खरी मजा. सगळ्यात भारी इंटरॅक्शन तो, जो खेळता खेळता प्रश्नाचं उत्तर देतो. आपल्याकडे द्राक्षाची एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी आणि मग साधारण जानेवारी ते मार्च घड तयार, हे नाशिकच्या माणसाला माहीत असतं पण मुंबईहून येणाऱ्याला नसतं, तो मे महिन्यात येतो आणि विचारतो द्राक्षं कुठायत. मग महिन्यांचा एक स्लायडर करा ना, सरकवला की वेल बदलतो, नुसत्या काड्या, मग पानं, मग मणी, मग घड, आणि खाली त्या महिन्याचं भाडं आणि बुकिंगचं बटण. दिसायला जबरदस्त आणि कामाचं पण. फक्त तिथे स्क्रोल हायजॅक करू नका, म्हणजे बोट वर सरकवलं तर पान पुढे जायलाच हवं, तुमचं अ‍ॅनिमेशन संपेपर्यंत माणसाला अडवून ठेवायचं नाही. आणि ज्याला स्लायडर ओढता येत नाही त्याच्यासाठी महिन्याच्या नावावर नुसतं टॅप केलं तरी चाललं पाहिजे.

हॉवरवर, म्हणजे माउस नुसता वर नेल्यावर दिसेल असं, महत्त्वाचं काही लपवू नका, मोबाइलवर हॉवर नसतोच. फोटोवर माउस नेला की भाडं दिसतं, हे लॅपटॉपवर क्लायंटला दाखवताना छान वाटतं, पण पाहुणा फोनवरून बघतो आणि त्याला ते कधीच दिसत नाही. टॅप करायची जागा पण मोठी ठेवा, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेल म्हटलंय पण ती अगदी तळाची पट्टी झाली, अ‍ॅपल ४४ पॉइंट सांगतं आणि अँड्रॉइड ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही त्यांची स्क्रीनवरची मापं), तेवढं धरून चला.

रंगांचं काय होतं, वाइन म्हटलं की सगळे जांभळ्यावर सोनेरी करतात. करा, पण कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक मोजणाऱ्या टूलमध्ये, टाकून बघा, साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ मिळायला हवं. फोटोवर अक्षरं टाकायची असतील तर मध्ये गडद थर द्या. आणि मराठी मजकुराला लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जास्तीचं अंतर) देऊ नका प्लीज, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो! ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जरा जास्त ठेवा, वरच्या-खालच्या मात्रा एकमेकांना भिडतात नाहीतर. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मजकुराला बरे, नखरेल फॉन्ट फक्त हेडिंगला.

अ‍ॅनिमेशन २००-३०० मिलिसेकंदात उरका, शक्यतो ट्रान्सफॉर्म (जागा, आकार, फिरणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) एवढंच हलवा, विड्थ-हाइट (रुंदी-उंची) हलवली की साधे फोन अडखळतात. काही लोकांना हलणाऱ्या गोष्टींनी गरगरतं, त्यांनी फोनमध्ये मोशन कमी केलेलं असतं, ते सेटिंग सीएसएसमधून (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) ओळखता येतं, तेव्हा सगळं शांत करा. सुरुवातीला मोठा व्हिडिओ हवाच असेल तर आधी हलका फोटो दाखवा. गूगलच्या हिशोबाने मुख्य गोष्ट २.५ सेकंदात दिसायला हवी आणि टॅपला प्रतिसाद २०० मिलिसेकंदात.

क्लायंट लोगो फिरत येणाऱ्या इंट्रोवर अडून बसला तर वाद घालू नका, करून द्या, पण स्किपचं बटण ठेवा आणि एकदा बघितल्यावर परत दाखवू नका.

हां, आणि प्रत्येक धंद्याला एवढा थाट लागतच नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीतल्या लॉजवाल्याची साइट करताय तर तिथे स्लायडर नको नि काही नको, रामकुंडापासून चालत किती, लिफ्ट आहे का, गाडी कुठे लावायची, मोठ्या अक्षरात मराठी-हिंदी-इंग्रजी, संपलं. तिथे सुंदर म्हणजे स्वच्छ.

शेवटी तपासणी, आणि ही कॉलेज रोडच्या कॅफेच्या वायफायवर नाही, गावाबाहेर त्र्यंबक रोडला मोबाइल डेटावर, जुन्या फोनवर. पाचेक माणसं पुरतात, त्यातली एखादी मावशी किंवा काका असू द्या ज्यांना तुमच्या डिझाइनचं काही कौतुक नाही. "साइट कशी वाटली" विचारू नका, सगळे छान म्हणतात. काम द्या, "मावशी, शनिवारी दोघांसाठी खोली आहे का आणि भाडं किती ते बघून सांगा", आणि मग गप्प बसा, बोट दाखवायचं नाही. जिथे दोघं-तिघं एकाच ठिकाणी अडकले तिथलं डिझाइन बदला, मग ते तुमचं कितीही लाडकं असो, आणि बदलल्यावर नव्या माणसांना द्या, त्याच मावशींना नको, त्यांना आता रस्ता पाठ झालाय.