काम दिलं, निर्णय मात्र दिला नाही: तरुण संघात नव्याने आलेल्यांसाठी

चर्चमधल्या तरुण संघाची नाहीतर संडे स्कूलची जबाबदारी पहिल्यांदा गळ्यात पडली की कोणीतरी बायबलमधलं निर्गम १८ उघडून देतंच. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत निवाडे करत बसलाय, सासरा इथ्रो ते बघतो आणि म्हणतो असं केलंस तर तूही थकशील आणि हे लोकही थकतील, मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले जातात. सेमिनारमध्ये याचा पिरॅमिड काढून दाखवतात. मला त्या पिरॅमिडचा राग आहे, आधीच सांगते.

कारण त्यात २० आणि २२ वं वचन गायब असतं. २० मध्ये इथ्रो म्हणतो, आधी लोकांना नियम शिकव, काय करायचं ते दाखव. आणि २२ मध्ये, लहान प्रकरणं त्यांनीच निकालात काढायची, मोठं असेल तेवढंच तुझ्याकडे आणायचं. त्यांनीच. 'तुला विचारून' असं कुठेच नाही.

मी नेमकी इथेच अडकले. नाताळच्या कार्यक्रमाची कन्व्हेनर म्हणून स्टेजवरून नाव घेतलं, टाळ्या झाल्या, पण जेवणात काय, कॅरलला, म्हणजे नाताळची गाणी म्हणायला, आधी कुठल्या एरियात जायचं, साउंडवाला कोण, प्रत्येक गोष्टीला 'थांब, वर विचारून सांगतो'. मी पोरांना काही सांगावं आणि संध्याकाळी वरून फोन येऊन ते बदलावं, मग पोरं मला विचारेचनात, थेट वर जायला लागली, आणि त्यांचंही काय चुकलं? म्हणजे मोशेसमोरची रांग होती तशीच, मध्ये फक्त एक माणूस वाढला. अजूनही डिसेंबर आला की पोटात गोळा येतो.

म्हणून हो म्हणायच्या आधीच विचारून घ्या, खर्च कितीपर्यंत मी ठरवायचा आणि कुठल्या गोष्टीत माझा शब्द शेवटचा. उद्धट वाटेल, वाटू दे. धड उत्तर आलं नाही तर पद घेऊ नका, मदतीला राहा, त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या मंडळीतलं उदाहरण, प्रेषितांची कृत्ये ६ बघा. रोजच्या अन्नाच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, तर प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, लोकांनाच ७ जण निवडायला सांगितलं, आणि सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार त्यांच्याच बाजूची माणसं असावीत असं दिसतं! हात ठेवून प्रार्थना केली आणि वाटप सोपवलं. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला कमिटीतून काढतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सगळ्यांनी लक्ष द्या' टाकणं म्हणजे जबाबदारी वाटणं नव्हे, हेही सांगून ठेवते, त्यात कोणीच लक्ष देत नाही.

मेंटर शोधताय? इथ्रोसारखा शोधा. सल्ला दिला आणि २७ व्या वचनात स्वतःच्या देशात निघून गेला, दर रविवारी येऊन बघत बसला नाही.

आणि एवढं करूनही थकायला झालं तर घाबरू नका हं. इथ्रोची व्यवस्था लागल्यानंतर गणना ११ मध्ये तोच मोशे देवाला म्हणतोय की हे ओझं मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. मग देवानं मदतीला ७० वडीलधारे दिले. त्यातले एलदाद आणि मेदाद छावणीतच राहून देवाचा संदेश देऊ लागले तेव्हा मोशेचा मदतनीस यहोशवा म्हणाला त्यांना गप्प करा, तर मोशेनं उलट त्यालाच विचारलं, तू माझ्यासाठी जळतोस काय? तुमच्या हाताखालचा कोणी तुमच्यापेक्षा भारी बोलला तर हे वाचा.

मदत न करणारे भेटतीलच. नहेम्या ३ मध्ये यरुशलेमची भिंत कोणी कुठे बांधली याची यादी आहे, त्यात तकोवा गावच्या मोठ्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही असं स्पष्ट लिहिलंय. कामाचा पुढारी नहेम्या मात्र त्यांना समजवत बसल्याचं कुठे दिसत नाही, पुढच्याच वचनात जुन्या वेशीचं काम सुरू. आणि २७ व्या वचनात तकोवाच्याच साध्या लोकांनी आणखी एक तुकडा बांधून दिलाय.