एफएम खरखरतंय? आधी ते चालतं कसं ते बघा

साताऱ्यात एफएम नीट लागत नाही म्हणून लोकं सरळ रेडिओच बदलतात, तसं करू नका, आधी ही भानगड समजून घ्या मग निम्मं काम आपोआप होतं.

समजा स्टेशन १०० मेगाहर्ट्झवर आहे. निवेदक गप्प असला की लहर बरोबर १०० वर, बोलायला लागला की ती तिथून थोडी वर थोडी खाली सरकत राहते. आवाज जितका मोठा तितकी जास्त सरकते, जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ इकडं आणि तेवढीच तिकडं, म्हणजे ९९.९२५ ते १००.०७५. आणि ४४० हर्ट्झचा सूर असला तर सेकंदाला ४४० वेळा हे वरखाली होतं. लहरीची ताकद मात्र आहे तेवढीच राहते, आणि खरी गंमत इथंच आहे, कारण वळवात वीज कडाडली किंवा घरात मिक्सर लावला की जो कचरा येतो तो मुख्यतः ताकदच कमीजास्त करतो. मिडियम वेव्हला आवाज ताकदीतच भरलेला, त्यामुळं १२५१ किलोहर्ट्झला सांगली आकाशवाणी ऐकताना वीज पण ऐकू यायची. एफएमच्या सेटातला लिमिटर हा चढउतार छाटून टाकतो आणि पुढं फक्त फ्रिक्वेन्सी किती सरकली तेवढंच बघितलं जातं. अमेरिकन इंजिनिअर एडविन आर्मस्ट्राँगनं १९३३ ला याची पेटंटं मिळवली, काय डोकं असेल त्या माणसाचं!

पण छाटायला आधी पुरेसा सिग्नल तर आत यायला पाहिजे ना. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि आपल्याकडं अजिंक्यतारा, यवतेश्वरचे डोंगर आडवे. म्हणून रेडिओ टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा, एरियल साधारण ७५ सेंटीमीटर उघडा (लहर ३ मीटरची, तिचा चौथा हिस्सा), उभं आडवं करून बघा. तरी खरखर असेल तर सेट फूटभर सरकवा, डोंगरावर आपटून आलेली लहर आणि सरळ आलेली लहर काही जागी एकमेकींना मारतात, तेवढ्या सरकवण्यानं पण आवाज मोकळा होतो. मोबाईलमध्ये एफएम असेल तर हेडफोनची वायर हेच एरियल, ती गुंडाळून खिशात कोंबू नका, लांब सोडा.

एवढं करून पण मागं स्स्स येत असेल तर स्टिरिओ बंद करून मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) करा. स्टिरिओसाठी डाव्या उजव्या आवाजातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या आसपास वेगळा पाठवतात आणि तिथं नॉइज जास्त असतो, मोनोवर सेट तो भाग घेतच नाही, बातम्या अन् भाषणं एकदम स्वच्छ.